सल्ला : किडनीचा ‘डायचा फोटो’ काढावा की नाही?

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, 61 वर्षांचे असून दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. गेले दोन महिने त्यांच्या उजव्या कुशीत अधूनमधून कळ येते. सोनोग्राफीत उजव्या किडनीला मध्यम सूज असल्याचे दिसले, परंतु मूत्रवाहिनीचा मधला भाग पोटातील गॅसमुळे दिसला नाही, असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. पहिल्या डॉक्टरांनी आयव्हीपी, म्हणजे शिरेतून डाय देऊन किडनीचे एक्स-रे, करायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांनी थेट डाय देऊन सीटी स्कॅन करायला सांगितले. या दुसऱ्या डॉक्टरांसमोर नानांनी प्रथमच कबूल केले की त्यांची लघवी दोनदा लाल झाली होती. नानांना मधुमेह आहे आणि ते रोज सकाळी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतात. दीड महिन्यापूर्वी किडनीचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन 1.4 होते. कोळंबी खाल्ली की त्यांच्या अंगावर पित्त उठते. पूर्वी बरीच वर्षे विडी ओढत असत, आता सोडली आहे. आमच्या शेजारचे काका सांगतात की त्यांच्या भावाला डायचे इंजेक्शन दिले आणि महिन्याभरात डायलिसिस सुरू झाले. तपासणी केंद्राने फोनवर सांगितले की आदल्या रात्री दहापासून पाणीदेखील प्यायचे नाही, आणि संमतीपत्रात तर मृत्यूचाही उल्लेख आहे. डाय नको असेल तर खालून नळी घालून फोटो काढता येतो, असेही कोणी म्हणाले. घाबरून आम्ही तपासणी पुढे ढकलली आहे. काय करावे?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचा मोठा भाग डायच्या भीतीने व्यापला आहे. परंतु त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मध्येच येऊन गेले आहे, आणि ते म्हणजे नानांची लघवी दोनदा लाल झाली होती. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या तपासण्या सांगितल्यामुळे तुमचा गोंधळ झाला, पण मला त्यांच्यात मतभेद दिसत नाही. पहिल्या डॉक्टरांना कुशीतील कळ आणि किडनीची सूज एवढेच ठाऊक होते, म्हणून त्यांनी मुतखड्याचा विचार केला. दुसऱ्यांना लाल लघवी कळली, त्यामुळे त्यांचा प्रश्नच बदलला. आपल्याकडची वडीलधारी माणसे लघवीतून रक्त गेल्याची गोष्ट घरात काय, डॉक्टरांनाही सहसा सांगत नाहीत, आणि कळ थांबली की ती विसरूनही जातात. नानांनी ती सांगितली हे फार चांगले झाले. आता तीच गोष्ट पहिल्या डॉक्टरांच्या कानावर घातलीत, तर बहुधा तेही आयव्हीपीचा आग्रह सोडतील.

आधी मुतखड्याचा प्रश्न घेऊ. आयव्हीपी म्हणजे हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध, म्हणजेच डाय, देऊन ठरावीक अंतराने काढलेले एक्स-रे. हे औषध रक्तातून किडनीत येते, किडनी ते गाळून लघवीत सोडते, आणि आयोडीन क्ष-किरण अडवत असल्यामुळे लघवीचा सारा मार्ग फिल्मवर पांढरा उमटतो. प्रथम डाय न देता एक साधा एक्स-रे काढतात, कारण डायने सारे पांढरे झाल्यावर पांढरा खडा त्यात हरवून जातो. त्यानंतरच्या पहिल्या मिनिटाभरात किडनीचा गर उजळतो, पाचेक मिनिटांत आतील पोकळी भरते, मग ओटीपोटावर पट्टा आवळून डाय वरच्या भागात थोडा वेळ रोखतात आणि पट्टा सोडल्यावर मूत्रवाहिन्या भरलेल्या दिसतात. शेवटी लघवी करून आल्यावर मूत्राशयाचा फोटो घेतात. अडथळा असलेल्या बाजूला डाय उशिरा उतरतो, त्यामुळे अशा रुग्णाला काही तासांनी पुन्हा फोटोसाठी बोलावतात. कित्येक दशके मूत्रमार्गाच्या आजारांत हीच मुख्य तपासणी होती आणि जुन्या पिढीतील सर्जन तिच्या फिल्म उजेडासमोर धरून खड्याची जागा अचूक सांगत असत.

आज खड्याच्या शंकेसाठी तिची गरज फारशी उरलेली नाही. 1995 च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठातील डॉक्टरांनी डाय न देता केलेल्या सीटी स्कॅनची आयव्हीपीशी तुलना करून दाखवली, आणि पुढे जगभर हा साधा सीटी, ज्याला आपल्याकडे ‘सीटी केयूबी’ म्हणतात, खड्यासाठी पहिल्या पसंतीचा ठरला. साध्या एक्स-रेवर न दिसणारे युरिक अॅसिडचे खडेही त्यात दिसतात. नानांच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मधुमेह असलेल्या माणसांत युरिक अॅसिडचे खडे तुलनेने अधिक आढळतात. असा खडा आयव्हीपीमध्ये पांढरा दिसत नाही. डायने भरलेल्या मूत्रवाहिनीत तो एक रिकामी काळी जागा म्हणून दिसतो. अडचण अशी की मूत्रवाहिनीच्या आतील गाठ आणि रक्ताची गुठळी हीदेखील अगदी तशीच रिकामी जागा दाखवतात. मग रिपोर्टमध्ये ‘फिलिंग डिफेक्ट, पुढील तपासणीचा सल्ला’ असे लिहून येते आणि रुग्णाला आठवड्याभरात डायचा दुसरा डोस घेऊन सीटी करावाच लागतो. डायची काळजी वाटणाऱ्या घरात हे दोनदा घडू नये, म्हणूनही नानांसाठी आयव्हीपीचा मार्ग मला लांबचा वाटतो.

आता रक्ताचा प्रश्न. खड्यामुळे लघवीत रक्त येऊ शकते आणि नानांच्या बाबतीतही कारण बहुधा तेच निघेल. तरीही साठी ओलांडलेल्या पुरुषाला, त्यातही पूर्वी विडी ओढणाऱ्याला, डोळ्यांना दिसेल इतके रक्त लघवीतून गेले असेल, तर ते खड्यामुळेच गेले असे गृहीत धरून थांबता येत नाही. तंबाखूच्या धुरातील घातक द्रव्ये रक्तातून गाळली जाऊन लघवीत येतात, आणि किडनीच्या पोकळीपासून मूत्राशयापर्यंतचे अस्तर वर्षानुवर्षे त्यांच्या संपर्कात राहते. या अस्तराच्या कर्करोगाचे धूम्रपान हे मोठे कारण आहे. विडी सोडल्यावर धोका कमी होत जातो, पण लगेच नाहीसा होत नाही. असा आजार लवकर सापडला तर उपचार बरेच सोपे असतात. त्याचा शोध साध्या सीटीत नीट लागत नाही, कारण डाय नसेल तर लघवी आणि छोटी गाठ सीटीच्या चित्रात जवळपास सारख्याच दिसतात.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी, म्हणजे सीटी युरोग्राफी, मला योग्य वाटते. तिचा पहिला टप्पा डायविना असतो आणि त्यात खडा सापडतो. दुसऱ्या टप्प्यात, डाय दिल्यानंतर साधारण दीड मिनिटाने, किडनीचा गर पाहतात. तिसऱ्या टप्प्यात, आठ-दहा मिनिटांनी किंवा सूज असलेल्या बाजूसाठी आणखी उशिरा, डाय मूत्रवाहिन्यांत उतरल्यावर त्यांचे अस्तर पाहतात. थोडक्यात, खड्याचा आणि रक्ताचा प्रश्न एकाच बैठकीत हाताळला जातो. यात क्ष-किरणांची मात्रा अधिक असते, हे मान्य करायला हवे. आयव्हीपीत ती सुमारे 3 मिलिसिव्हर्ट असते, तर सीटी युरोग्राफीत टप्प्यांच्या संख्येनुसार तिच्या कित्येक पट होते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगभराच्या सरासरीने सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. पंचविशीतील मुलीला केवळ कळ येते म्हणून मी ही तपासणी सुचवणार नाही आणि गर्भवतीच्या बाबतीत तर सोनोग्राफीवरच भर देईन. परंतु 61 वर्षांच्या नानांसाठी, लाल लघवी झालेली असताना, हा हिशेब तपासणीच्या बाजूने झुकतो.

आता डायकडे वळू. नाव डाय असले तरी हे औषध पाण्यासारखे स्वच्छ असते आणि त्याने लघवीला रंग येत नाही. आयोडीनचा हा गुण योगायोगाने लक्षात आला. 1920 च्या दशकात उपदंशावर सोडियम आयोडाइड दिले जाई, आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांना 1923 मध्ये असे आढळले की ते घेणाऱ्या रुग्णांची लघवी एक्स-रेवर दिसते. ते औषध मात्र या कामासाठी पुरेसे सुरक्षित नव्हते. 1929 मध्ये बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने युरोसिलेक्टान हे सेंद्रिय आयोडीन संयुग वापरून शिरेतून दिलेल्या डायचे उपयोगी फोटो मिळवले, आणि तेथून आयव्हीपीचे युग सुरू झाले. पुढची अनेक दशके जे डाय वापरात होते ते आयनिक प्रकारचे होते आणि त्यांची तीव्रता, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, रक्ताच्या सुमारे पाचपट असे. इंजेक्शन देताना अंगाची लाही होणे, उलट्या, क्वचित कोसळणे हे त्या काळी अनेकांनी पाहिले आहे. तुमच्या शेजारच्या काकांसारख्या मंडळींच्या मनात बसलेल्या भीतीचे मूळ पुष्कळदा त्या जुन्या डायमध्ये असते.

आज दिले जाणारे आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल यांसारखे डाय नॉन-आयनिक आहेत. त्यांची तीव्रता जुन्या डायच्या निम्म्याहून कमी असते, आणि आयोडिक्सॅनॉलची तर रक्ताइतकीच असते. फरक किती पडला, हे जपानमध्ये तीन लाखांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते: जुन्या डायमुळे गंभीर प्रतिक्रिया 0.22 टक्के वेळा आली, नव्या डायमुळे 0.04 टक्के वेळा. म्हणजे दहा हजारांत बावीस विरुद्ध चार. धोका शून्य नाही, परंतु नाशिकहून दिंडोरीला दुचाकीवर जाताना आपण जेवढा विचार करतो, तेवढा तरी या आकड्याचा शांतपणे करावा. केंद्रात विचारून घ्या की डाय नॉन-आयनिक आहे ना. हा प्रश्न विचारल्याने कोणी रागावण्याचे कारण नाही.

कोळंबीचे पित्त आणि डाय यांचा परस्परांशी संबंध असल्याची समजूत डॉक्टरांतही बरीच वर्षे टिकून होती, आणि मला ती विशेष चिकट वाटते. कोळंबीची अॅलर्जी तिच्यातील प्रथिनाची असते, आयोडीनची नसते. आयोडीन तर आपल्या जेवणातल्या मिठात असते आणि ते नाना रोज खातात. ज्यांना कोणतीही अॅलर्जी असते त्यांना डायची प्रतिक्रिया येण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते एवढेच. कोळंबीसाठी वेगळा नियम नाही आणि त्यासाठी तपासणी टाळण्याची किंवा आधी स्टिरॉइड घेण्याची आवश्यकता नसते. महत्त्वाची माहिती वेगळीच आहे: नानांना पूर्वी कधी डाय दिला गेला होता का, आणि तेव्हा पुरळ, श्वास लागणे, चक्कर असे काही झाले होते का? अँजिओग्राफीत वापरतात तोही याच जातीचा डाय असतो, हे आठवताना लक्षात ठेवावे. दमा किंवा थायरॉइड जास्त काम करण्याचा विकार असेल, तर तेही सांगावे.

डायलिसिसच्या भीतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तपासणी पुढे ढकलण्याचे खरे कारण तेच दिसते. 1.4 क्रिएटिनिन आणि 61 वर्षे वय यांवरून पुरुषाची किडनी गाळण्याची क्षमता, ज्याला रिपोर्टमध्ये ईजीएफआर म्हणतात, साधारण 57 येते. अमेरिकेतील रेडिओलॉजी आणि किडनी या दोन्ही शाखांच्या संस्थांनी 2020 मध्ये मिळून काढलेल्या निवेदनानुसार शिरेतून दिलेल्या डायबाबत विशेष खबरदारी मुख्यतः ईजीएफआर 30 पेक्षा कमी असेल तेव्हा, किंवा किडनीला नुकतीच अचानक इजा झालेली असेल तेव्हा घ्यावी लागते. अशांना सलाइन देऊन डाय देतात किंवा दुसरा मार्ग शोधतात. नानांचा आकडा त्यापासून बराच वर आहे. मात्र तो दीड महिन्यापूर्वीचा आहे आणि मधल्या काळात किडनीला सूज असल्यामुळे तो बदललेला असू शकतो. म्हणून तपासणीच्या एक-दोन दिवस आधी क्रिएटिनिन पुन्हा करून घ्या. ते बरेच वाढलेले निघाले तर माझे पुढचे सारे लिखाण बाजूला ठेवून डॉक्टरांचा निर्णय ऐका.

काकांच्या भावाची हकिगत खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या रुग्णांना तातडीने डायचे स्कॅन करावे लागते, ते पुष्कळदा आधीच गंभीर आजारी असतात: जंतुसंसर्ग, घसरलेला रक्तदाब, किडनीला मारक प्रतिजैविके, पूर्वीपासून उतरत गेलेले किडनीचे काम. अशा माणसाची किडनी नंतर बंद पडली, तर घरच्यांच्या लक्षात इंजेक्शनच राहते. डाय दिलेल्या आणि न दिलेल्या सारख्याच प्रकृतीच्या रुग्णांची तुलना करणारे अभ्यास झाले, तेव्हा ज्यांची किडनी बऱ्यापैकी चालते त्यांच्यात डायचा वाटा समजत होते त्याहून पुष्कळच लहान निघाला.

उलट, नानांच्या उजव्या किडनीला आज दोन गोष्टींपासून धोका आहे आणि त्या दोन्हींकडे तुमचे लक्ष कमी आहे. पहिली म्हणजे अडथळा. लघवी अडून राहिलेली किडनी आतून ताणली जाते, आणि पूर्ण अडथळा काही आठवडे तसाच राहिला तर गेलेले काम पुरते परत येत नाही. कळ थांबली म्हणजे अडथळा गेला असेही नसते. पुष्कळदा किडनी हळूहळू थकते आणि दुखणे थांबते. दुसरी म्हणजे वेदनाशामके. कळ आली की गावातील दवाखान्यात डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घ्यायचे आणि पुन्हा बागेत जायचे, हा क्रम खरड छाटणीच्या दिवसांत, एप्रिलच्या उन्हात, पाणी कमी पोटात असताना किती शेतकरी पाळतात ते तुम्हीही पाहिले असेल. ही औषधे किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात; त्यात मधुमेह, शुष्कता आणि वर डाय असा योग जुळू देऊ नये. तपासणीच्या आधी-नंतर काही दिवस अशी औषधे पूर्ण बंद ठेवावीत आणि कळ आली तर काय घ्यायचे हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे. थंडी वाजून ताप आला, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग होणे ही तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन साचलेली लघवी स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत बसवलेली बारीक नळी, किंवा पाठीतून घातलेल्या नळीने मोकळी करावी लागते.

रात्री दहापासून पाणीदेखील बंद, ही केंद्राची सूचना मला मान्य नाही. जुन्या काळी आयव्हीपीआधी रुग्णाला मुद्दाम तहानलेले ठेवत, म्हणजे लघवी दाट होऊन चित्र गडद येईल असा हेतू असे. ती पद्धत केव्हाच मागे पडली, कारण शुष्क शरीरात, विशेषतः मधुमेहींमध्ये, डायचा किडनीवरील भार वाढतो. फोनवरच्या सूचनांमध्ये मात्र ती अजून सापडते. सीटी युरोग्राफीच्या आधी तर कित्येक ठिकाणी अर्धा ते एक लिटर पाणी मुद्दाम प्यायला लावतात, म्हणजे मूत्रवाहिन्या चांगल्या भरतात. जड जेवण चार-सहा तास आधी थांबवणे ठीक आहे, पण पाण्याबाबत केंद्रातील रेडिओलॉजिस्टशी स्वतः बोलून खात्री करून घ्या. फोन उचलणाऱ्या माणसाच्या शब्दावर राहू नका. नानांना हृदयविकारामुळे किंवा अन्य कारणाने पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल, तर अर्थातच ती मर्यादा पाळावी.

उपाशीपोटी राहण्याशी निगडित आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात दडलेली आहे. नानांच्या गोळीत दोन औषधे आहेत. ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घेतले तर साखर एकदम खाली येऊ शकते, आणि घाम येऊन, थरथर होऊन तपासणीच्या टेबलावरच माणूस गळून पडतो. मग दोष पुन्हा डायवर येतो. म्हणून त्या सकाळची गोळी घ्यायची की जेवणानंतरसाठी ठेवायची, हे मधुमेहाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ मागा. मेटफॉर्मिन स्वतः किडनीला इजा करत नाही. परंतु काही कारणाने किडनीचे काम घसरले तर ते शरीरात साठते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ईजीएफआर 30 च्या वर असून किडनीला अचानक इजा झालेली नसेल, तर ते बंद करावे लागत नाही. आपल्याकडची अनेक केंद्रे तरीही तपासणीनंतर 48 तास थांबवायला सांगतात आणि त्यातही काही चूक नाही. फक्त त्या दोन दिवसांत साखर कशी सांभाळायची हे विचारून घ्यावे, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

संमतीपत्रातील मृत्यूच्या उल्लेखाने घाबरू नका, पण ते न वाचता सहीही करू नका. अत्यंत क्वचित होणारी गोष्टही रुग्णाला आधी सांगणे केंद्राचे कर्तव्य आहे. पत्र इंग्रजीत असेल तर मराठीतील प्रत मागावी किंवा कोणाकडून तरी अर्थ समजावून घ्यावा, आणि कोळंबी, मधुमेह, क्रिएटिनिन, चालू औषधे ही माहिती त्यात लिहिली गेली आहे ना ते पाहावे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात पुढील शस्त्रक्रियेचे काय बसते, हे तेथील आरोग्यमित्र सांगतात.

प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. कोपराजवळच्या शिरेत सुई लावून यंत्राने डाय सोडतात. त्या क्षणी सर्वांगात ऊब पसरते, तोंडात धातूसारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. हे जवळपास सर्वांना होते, मिनिटभरात जाते, आणि नानांना आधीच सांगितलेत तर ते दचकणार नाहीत. सुईच्या जागी सूज येऊन दुखू लागले, घशात आवळल्यासारखे झाले किंवा अंगाला खाज सुटली, तर मात्र लगेच हाक मारायला सांगा. तपासणी झाल्यावर अर्धा तास सुई काढू न देता केंद्रातच बसावे, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा त्या अवधीतच येते आणि तेथे औषध हाताशी असते. काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी पुरळ उठले तर डॉक्टरांना दाखवावे; चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर 108 ला फोन करावा. किडनी चांगली असेल तर बहुतेक सारा डाय दिवसभरात लघवीतून निघून जातो. दुसऱ्या दिवशी नाना बागेत गेले तरी चालेल, पाण्याची बाटली सोबत असावी.

राहिला खालून नळी घालून काढायच्या फोटोचा प्रश्न. त्याला आरजीपी म्हणतात आणि ही पद्धत आयव्हीपीपेक्षाही जुनी आहे. जर्मनीत 1906 मध्ये चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेले (कलिल) द्रावण वापरून ती प्रथम केली गेली. युरोलॉजिस्ट मूत्राशयात दुर्बीण घालून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी बारीक नळी बसवतात आणि डाय उलट दिशेने वर सोडतात. डाय रक्तात फारच थोडा जात असल्यामुळे ज्यांचे क्रिएटिनिन खूप वाढले आहे किंवा ज्यांना पूर्वी डायची तीव्र प्रतिक्रिया आली आहे त्यांच्यासाठी ती उपयोगी पडते, आणि सीटीत एखादी जागा संशयास्पद राहिली तर त्या जागेचे अस्तर ती नेमके दाखवते. परंतु ती भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये करावी लागते, लघवीत जंतुसंसर्ग असताना करता येत नाही, आणि किडनीचा गर तीत दिसतच नाही. शिरेतील इंजेक्शन टाळण्यासाठी निवडावी अशी ती सौम्य वाट नाही. सध्याच्या माहितीवरून नानांना सीटीच्या आधी तिची गरज दिसत नाही.

एक गोष्ट मात्र सीटीचा रिपोर्ट कसाही आला तरी विचारायची आहे. मूत्राशयाच्या आतील लहान, चपटी गाठ सीटीतून निसटू शकते, म्हणून नानांच्या वयात लाल लघवी झाल्यावर दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, करण्याची पद्धत आहे. सीटीत खडा सापडला की घरचे निश्चिंत होतात आणि ही तपासणी राहून जाते. खडा काढण्यासाठी नानांना भूल द्यावी लागणारच असेल, तर सिस्टोस्कोपी, गरज पडल्यास आरजीपी आणि खडा काढणे हे तिन्ही एकाच वेळी होऊ शकते. शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच युरोलॉजिस्टना तसे विचारा, आणि लघवी किती वेळा लाल झाली, तेव्हा कळ होती की नव्हती, गुठळ्या पडल्या का, हे नानांना त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.